जालन्याच्या मध्यवस्तीची नवी बांधणी आणि नगररचनेची परिभाषा

जालना शहराच्या मध्यवस्तीत चालू असलेल्या नव्या बांधकामांचा विचार सामान्यतः स्थापत्य, अर्थव्यवहार आणि नगरप्रशासन या तीन अंगांनी केला जातो. या विषयाला भाषेचे चौथे अंग आहे आणि ते गौण मानण्याचे कारण नाही. जुने घर पाडण्याचा, रस्ता रुंद करण्याचा किंवा एखादी जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवण्याचा निर्णय प्रथम शब्दांत होतो. तो आराखड्यात, नोटिशीत, करारपत्रात लिहिला जातो आणि नंतर जमिनीवर उतरतो. ज्याच्या घरावर तो उतरावयाचा, त्याला ते शब्द समजतात काय, हा प्रश्न म्हणूनच व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

या परिभाषेतील शब्द मराठी आहेत. किंबहुना बरेचसे नित्य परिचयाचे आहेत. अडचण नेमकी येथेच आहे. अपरिचित परकी शब्द भेटला की वाचक थांबतो आणि कोणास तरी विचारतो. परिचयाचा शब्द अपरिचित अर्थाने आला असता तो थांबत नाही. आपल्याला समजले असे मानून पुढे जातो. नगररचनेच्या मराठीतील असे काही शब्द जालन्याच्या बोलव्यवहाराशी ताडून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. नावांचे थर

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद, अशी ही मूळची जोडवस्ती. मराठी बखरींत आणि मोगल तवारिखांत तिचे नाव ‘जालनापूर’ असे आढळते. एका धनिक मुसलमान विणकरावरून, म्हणजे ‘जुलाहा’वरून, हे नाव पडले अशी आख्यायिका आहे. ती लोकव्युत्पत्तीच मानावयास हवी. कारण ‘जुलाहा’पासून ‘जालना’ या रूपापर्यंत नेणारा नियमित ध्वनिबदल दाखविता येत नाही. ‘कादराबाद’ची गोष्ट निराळी. मूळ ‘कादिराबाद’मधील ऱ्हस्व इकार मराठी उच्चारप्रवृत्तीस अनुसरून लोपला, एवढेच तेथे घडले आहे.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या पेठेवर स्वारी केली, ती ही संपन्न बाजारपेठ. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण त्या संपन्नतेची साक्ष आजही देते. पुढे निजामी अमलात १७२५ मध्ये मस्तगड उभा राहिला आणि १८२७ मध्ये इंग्रजी फौजेची छावणी वसली. ती १९०३ मध्ये उठली. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी जालना मनमाड व सिकंदराबादशी जोडले. १९०१ मध्ये सुमारे वीस हजार लोकवस्तीचे हे गाव २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या पुढे गेले. १ मे १९८१ रोजी ते जिल्ह्याचे ठाणे झाले आणि २०२३ मध्ये तेथे महानगरपालिका स्थापन झाली.

या प्रत्येक अवस्थेने गावाच्या नकाशावर आपले शब्द ठेवले आहेत. ‘मूर्तिवेस’ आणि ‘पाणीवेस’ यांतील ‘वेस’ तटबंदीच्या काळाची आहे. ‘सदर बाजार’ हे छावणीच्या मुख्य बाजाराचे ठरीव नाव. ‘कालीकुर्ती’ हे उत्तरेकडील छावण्यांतील ‘लालकुर्ती’च्याच जातीचे असून शिपायांच्या गणवेशाच्या रंगाकडे बोट दाखविते. ‘बडी सडक’ यातील विशेषण दखनीचे आहे. मराठीने ते ‘मोठी’ करून घेतले नाही. ‘गांधी चमन’मध्ये फारसी ‘चमन’, म्हणजे बाग, राष्ट्रीय आंदोलनाच्या नायकाच्या नावाशी बिनतक्रार नांदते. धान्याच्या बाजारास जालनेकर, मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणेच, ‘मोंढा’ म्हणतो. पुण्याचा व्यापारी त्याला ‘मार्केट यार्ड’ म्हणेल. चार रस्ते मिळतात त्या जागेस येथे ‘चौफुली’ हा शब्द आहे; अंबड चौफुली आणि मंठा चौफुली या नावांत तो रूढ झाला आहे.

यांतील पाण्याशी निगडित नावांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. ‘झिरा’ म्हणजे उकरल्यावर पाणी झिरपते तो जिवंत ठाव. ‘चंदनझिरा’ या उपनगराच्या नावात तो टिकून आहे. पाणीवेस, रामतीर्थ, मोतीतलाव ही नावेही त्याच मालिकेतील होत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमशेदखान या अंमलदाराने मोतीतलाव बांधून भूमिगत नळांनी गावातील हौदांत पाणी खेळविले होते. निजामी राजवटीच्या अखेरच्या काळातील घाणेवाडीचा तलाव ही त्याच परंपरेची पुढची पायरी. २०१२–१३ च्या दुष्काळात ज्या शहराने पाण्याची भीषण टंचाई अनुभवली, त्या शहरात पाणी कोठे होते आणि कोठून येत होते हे सांगणारी नावे हा एक प्रकारचा दस्तऐवज ठरतो. नव्या संकुलाला ‘प्लाझा’ किंवा ‘रेसिडेन्सी’ असे कोठेही चालणारे नाव मिळते आणि अभिन्यासात त्या जागेला केवळ भूखंड क्रमांक उरतो. तेव्हा या दस्तऐवजाचे एक पान कमी होते.

२. बाहेरची वाढ, आतला भार

जालन्याच्या भोवती गेल्या दशकात मोठी कामे झाली. जवाहरलाल नेहरू बंदर न्यासाच्या कोरड्या बंदराची कोनशिला २०१५ मध्ये बसविण्यात आली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र येथे २०१८ मध्ये सुरू झाले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मार्ग मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. ३० डिसेंबर २०२३ पासून जालना–मुंबई वंदे भारत गाडी धावू लागली आणि २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केल्यापासून वाढलेला बियाण्यांचा उद्योग आणि त्यानंतर उभे राहिलेले लोखंडी सळईचे कारखाने, हा या वाढीचा मूळ पाया.

यांतील बहुतेक कामे गावाबाहेरची आहेत. परंतु बाहेर रस्ता झाला म्हणजे आतल्या जागेचे मोल वाढते, आणि मोल वाढले म्हणजे जुन्या वाड्याच्या जागी खाली दुकाने व वर सदनिका असे संकुल बांधणे मालकास परवडू लागते. मध्यवस्तीतील भूखंड लहान, रस्ते अरुंद, मालकीची कागदपत्रे जुनी व अनेक वारसांत विभागलेली. त्यामुळे येथील प्रत्येक बांधकाम हा कायद्याच्या भाषेशी घडणारा सामना ठरतो. त्यात मराठवाड्याची एक खास अडचण मिसळते. १९४८ पर्यंत येथील राजव्यवहार उर्दूत होता. म्हणून जुन्या हक्कपत्रांत ‘मदतमाश’, ‘खिदमतमाश’ असे शब्द येतात. पहिला शब्द निर्वाहासाठी दिलेल्या इनामाचा, तर दुसरा धर्मस्थानाच्या सेवेबद्दल दिलेल्या इनामाचा. जमीन विकता येईल की नाही, हे पुष्कळदा या दोन शब्दांतील भेदावर अवलंबून असते. ती भाषा वाचणारे आता थोडे उरले आहेत.

३. खण, सूत आणि चटई

जुन्या घराची भाषा घराच्या बांधणीतून आलेली आहे. मराठवाड्यातील वाड्याला ‘ढेलज’ असते, ‘ओसरी’ असते, भिंतीत ‘देवळी’ असते आणि वर पांढऱ्या मातीचे ‘माळवद’ असते. घराचे माप ‘खणां’त सांगतात. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. ‘आठ खणांचे घर’ म्हटले की ऐकणाऱ्याला त्याचा विस्तार, त्यात लागलेले लाकूड आणि मालकाची ऐपत या तिन्ही गोष्टी एकदम कळत.

काँक्रीटचे बांधकाम आले आणि तुळई गेली. तिच्याबरोबर खणही गेला. कारागिराने मात्र नवी भाषा झपाट्याने आपलीशी केली. ‘स्लॅब’, ‘कॉलम’, ‘सेंटरिंग’, ‘प्लिंथ’ हे शब्द आता गवंड्याच्या तोंडी ‘ओळंबा’, ‘गुण्या’ आणि ‘थापी’ यांच्या जोडीने सहज येतात. त्यांना मराठी क्रियापदेही मिळाली. ‘स्लॅब पडला’ या वाक्याचा अर्थ काँक्रीट ओतून छत पुरे झाले असाही होतो आणि छत कोसळले असाही होतो. कोणता घ्यावयाचा हे बोलणाऱ्याच्या मुद्रेवरून ठरते. सळईचे अधिकृत माप मिलिमीटरमध्ये असते. परंतु बाजारात अद्याप ‘तीन सुती’, ‘चार सुती’ असे शब्द ऐकू येतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेव्हा तीन सुती सळई म्हणजे स्थूलमानाने दहा मिलिमीटरची. येथे जुना शब्द आणि नवे माप यांत घोटाळा होत नाही, कारण दोन्ही मापे वापरणारा माणूस एकच आहे आणि वस्तू त्याच्या हातात आहे.

कार्यालयीन परिभाषेची स्थिती अशी नाही. एका भूखंडावर सर्व मजले मिळून किती बांधकाम करता येईल हे ज्या गुणोत्तराने ठरते, त्याला शासकीय मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल, तर सर्व मजल्यांचे मिळून हजार चौरस फूट बांधकाम करता येईल. या हिशेबात भिंतींची जाडीही धरली जाते. दुसरीकडे, सदनिकेची विक्री ज्या मापाने करावयाची त्यालाही मराठीत ‘चटई क्षेत्र’ असेच म्हणतात. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यानुसार या दुसऱ्या मापातून बाहेरच्या भिंती, सज्जे आणि उघडी गच्ची वगळली जातात. आतील विभाजक भिंती तेवढ्या मोजल्या जातात.

इंग्रजीत या दोन कल्पनांना दोन निरनिराळे शब्द आहेत. मराठीत भाषांतर होताना दोहोंच्या वाट्याला एकच ‘चटई’ आली. परिणाम असा की, भूखंडाचा मालक ‘निर्देशांक एक’ ऐकतो आणि भूखंडाएवढीच वापरण्याजोगी जागा मिळेल असे समजतो. प्रत्यक्षात भिंती आणि सज्जे वजा जाता त्याच्या पदरी पडणारे चटई क्षेत्र कमी असते. जुना वाडा विकासकास देऊन मोबदल्यात सदनिका घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक एखाद्या खोलीचा असू शकतो. येथे कोणी खोटे बोललेले नसते. एका शब्दाने दोन अर्थ वाहिलेले असतात.

४. विकास, आरक्षण, अतिक्रमण

‘विकास’ हा शब्द संस्कृतातील ‘वि + कस्’ या धातूपासून आला असून उमलणे, फुलणे हा त्याचा मूळार्थ. सामान्य मराठीत तो उन्नतीचा वाचक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये मात्र त्याची स्वतंत्र व्याख्या आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर इमारतीचे, अभियांत्रिकीचे वा खाणीचे काम करणे, तसेच इमारतीत किंवा जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे म्हणजे विकास. आणि असलेली इमारत पाडणे हेही त्याच व्याख्येत येते. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण नियंत्रण ठेवावयाचे तर पाडण्यावरही ठेवले पाहिजे. परंतु व्यवहारात ‘विकास परवानगी’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात फक्त उमलण्याचा अर्थ येतो. हैदराबाद शहरात १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार मंडळाचे उर्दू नाव ‘आराइश-इ-बलदा’, म्हणजे नगराचे अलंकरण, असे होते. राज्यकर्त्यांच्या शब्दाने कामाला शोभा द्यावी, ही रीत नवी नाही.

‘आरक्षण’ या शब्दाचे उदाहरण जालन्यात विशेष उद्बोधक ठरते. विकास आराखड्यात शाळा, बाजार, क्रीडांगण, रस्ता यांसाठी खाजगी जमीन राखून ठेवली जाते. तिला आरक्षण म्हणतात. त्याच शब्दाचा सामाजिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून २०२३ मध्ये उठलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने तो जिल्ह्याच्या घराघरांत पोहोचला. हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याचे काम बोलभाषा क्रियापदाकडून करून घेते. सामाजिक आरक्षण ‘मिळते’, ‘दिले जाते’. जमिनीवरील आरक्षण ‘पडते’, ‘टाकले जाते’ आणि भाग्य असेल तर ‘उठते’. दुष्काळ पडतो, धाड पडते, तसे आरक्षण पडते. वस्तुतः अधिनियमानुसार ते कायमचे नसते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक संपादनाची नोटीस देऊ शकतो आणि विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. ‘व्यपगत’ हा तेथील शब्द. ज्याला आरक्षण ‘पडले’ हे बरोबर कळते, त्याला ते ‘व्यपगत’ होऊ शकते हे कळेलच असे नाही. हक्काची वाट याच शब्दापाशी अडते.

रस्तारुंदीकरणाची भाषाही पाहण्याजोगी आहे. कागदावर मालमत्ता ‘बाधित’ होते. बोलीत ‘बाधा’ होते ती भुताची किंवा विषाची. म्हणून तेथे लोक ‘घर रस्त्यात गेले’ असे म्हणतात. या वाक्यात कर्ता घर आहे. घेणारा कोठेच नाही. ‘अतिक्रमण’ या शब्दाची तर पूर्ण उलटापालट झाली आहे. बाजारात ‘अतिक्रमणवाले आले’ अशी आरोळी उठते तेव्हा ती अतिक्रमण करणाऱ्यांविषयी नसते, ते हटविणाऱ्या पथकाविषयी असते. फेरीवाल्याच्या अनुभवात या शब्दाशी संबंध येतो तो पथकाचाच. त्यामुळे शब्द अनुभवाकडे वळला. अर्थांतराचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळावे.

‘गुंठेवारी’ हा शब्द याच्या विरुद्ध दिशेने गेला. ‘रयतवारी’, ‘वर्गवारी’ यांतील ‘-वारी’ प्रत्यय लावून लोकांनी तो घडविला. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने, मंजुरीवाचून, तुकडे पाडून विकणे म्हणजे गुंठेवारी. २००१ मध्ये राज्याने अशी बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला तेव्हा त्याच्या नावातच हा बाजारातला शब्द घेतला. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. या कायद्याचा विषय कोणता, हे कोणास समजावून सांगावे लागले नाही. लोकांच्या शब्दाने कायद्याचे काम अडत नाही, हे यावरून सिद्ध होते.

५. परिभाषेची जबाबदारी

राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस कारभाराची भाषा म्हणून स्थान मिळाले. त्या काळी परिभाषा घडविणाऱ्यांसमोर इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द देण्याचे काम होते. उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतरखात्याने १९१७ पासून उर्दूसाठी असेच कार्य केले होते. दोन्ही प्रयत्नांची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते की, संज्ञा परक्या भाषेतील संज्ञेशी जुळते की नाही एवढेच पाहून भागत नाही. ती आपल्या भाषेतील शेजारच्या शब्दांपासून पुरेशी वेगळी राहते काय, आणि ज्याच्यावर ती लागू व्हावयाची त्याच्या बोलीत तिचा आधीच काही अर्थ आहे काय, हेही तपासले पाहिजे. ‘चटई क्षेत्रा’चे उदाहरण पहिल्या तपासणीची, तर ‘विकास’ आणि ‘आरक्षण’ यांची उदाहरणे दुसऱ्या तपासणीची गरज दाखवितात.

याचा व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्याची तरतूद अधिनियमातच आहे. परंतु हरकत घ्यावयाची तर प्रथम आपल्या घराचे काय होणार हे कळले पाहिजे. ज्या नोटिशीतील शब्द मालकाला चुकीचे कळतात, ती नोटीस कायद्याने बजावली गेली तरी अर्थाने पोहोचलेली नसते. नवी महानगरपालिका आपल्या प्रत्येक आराखड्यासोबत पंचवीस-तीस संज्ञांचा, उदाहरणांसह, सोपा अर्थकोश जोडू शकेल. त्यास मोठा खर्च नाही. नव्या संकुलाच्या परवानगीपत्रात भूखंड क्रमांकाबरोबर जागेचे रूढ नाव नोंदविणेही तितकेच सुकर आहे.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे कामाचे मोठे क्षेत्र पडून आहे. माळवदाची घरे बांधलेले गवंडी व सुतार वृद्ध होत चालले आहेत. त्यांचा शब्दसंग्रह टिपून घेण्याची वेळ हीच आहे. निजामी काळातील हक्कपत्रांतील संज्ञा, मोंढ्यातील आणि लोखंडबाजारातील मापे, तसेच पाण्याच्या खुणा सांगणारी स्थलनामे यांचे संकलन शहराच्या नकाशाशी जोडून करता येईल. अशा संकलनाचा पहिला उपयोग कोशकारास होईल हे खरे. परंतु ज्या कुटुंबाला उद्या आपल्या वाड्याच्या जागेचा करार वाचावयाचा आहे, त्याच्याही ते उपयोगी पडावे, या दृष्टीने त्याची आखणी झाली पाहिजे.